डिस्कच्या स्मार्ट तपासणीत सगळं ठीक, तरी सर्व्हर लटकतो: एका पतसंस्थेतलं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची नागरी पतसंस्था. मुख्य कार्यालय आणि काही शाखा. खातेदारांत बाजारपेठेतले छोटे दुकानदार जास्त, त्यामुळे पिग्मीचं काम मोठं. सगळ्या शाखा मुख्य कार्यालयातल्या एकाच सर्व्हरवर चालतात. तक्रार फोनवर आली ती अशी: "सर, सकाळी मशीन पळतंय. साडेअकरा-बारा वाजले की पासबुक प्रिंटला टाकलं तरी नुसतं चाक फिरत राहतं. काउंटरला रांग लागते आणि लोक आमच्यावर चिडतात." बोलणाऱ्या मॅडम बरीच वर्षं काउंटर सांभाळतात. त्यांनी पुढे सांगितलं, "जेवणाच्या सुट्टीनंतर जरा बरं असतं. संध्याकाळी एजंट पिग्मी चढवायला लागले की मग बघायलाच नको."

निम्मं निदान या बोलण्यातच होतं. पण तोवर बाकीचे उपाय सुरू झाले होते. सॉफ्टवेअरवाल्यांनी रॅम दुप्पट करायला सांगितली होती आणि तिचं कोटेशनही आलं होतं. नेटवर्कचा स्विच बदलून झाला होता. काउंटरच्या मशीनवरचा अँटिव्हायरस कोणीतरी बंद करून पाहिला होता. यातल्या कशानेही बारा वाजल्यानंतरची रांग हलली नव्हती.

सर्व्हर साधा टॉवर आहे. सोळा जीबी रॅम, डेबियन ही लिनक्सची आवृत्ती, त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस. चार टीबीच्या चार साटा डिस्क, लिनक्सच्या एमडी-रेड या सॉफ्टवेअरने रेड-५ मध्ये बांधलेल्या, म्हणजे चौघींचा मिळून एक साठा (अॅरे), ज्यात एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो. पावसाळ्यात विजेचा लपंडाव चालू असताना त्यातली एक डिस्क गेली होती. स्थानिक विक्रेत्याने तेवढ्याच क्षमतेची नवी डिस्क दिली. रविवारी सकाळी ती लावली, रात्रीपर्यंत रीबिल्ड, म्हणजे बाकीच्या डिस्कवरून तिच्यावरचा डेटा पुन्हा बांधणं, पूर्ण झालं आणि अॅरे पुन्हा चारही डिस्कवर उभा राहिला. श्रावण-भाद्रपदात काम बेताचं असतं. दिवाळीच्या तोंडावर पिग्मीचा भरणा वाढला आणि तक्रारी तेव्हा सुरू झाल्या. मधे इतके आठवडे गेल्यामुळे डिस्क बदलल्याचा आणि सर्व्हर मंदावल्याचा संबंध कोणाच्याही मनात आला नाही, आणि यात नवल नाही.

दोष डिस्कचाच, हे आधी ठरवणं

सर्व्हर मंद आहे म्हणजे डिस्क मंद आहे, असं गृहीत धरता येत नाही. म्हणून ऐन बारा वाजता, रांग लागलेली असताना, टॉप हे सर्व्हरवर काय चाललंय ते दाखवणारं साधन उघडून बसलो. लोड चाळीसच्या वर गेला होता, पण प्रोसेसर बराचसा रिकामा होता. प्रोसेसरच्या वेळेतला 'डब्ल्यूए'चा वाटा, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, मात्र फुगलेला होता. लिनक्सच्या लोडच्या आकड्यात नुसत्या पळणाऱ्या प्रक्रिया नसतात. डिस्ककडून उत्तर यायची वाट बघत 'डी' अवस्थेत अडकलेल्या प्रक्रियाही त्यातच मोजल्या जातात. पोस्टग्रेसच्या कितीतरी प्रक्रिया आणि त्यांच्या सोबत एक्स्ट-फोर फाइलसिस्टिमची जर्नलची प्रक्रिया, सगळ्या 'डी'मध्ये उभ्या होत्या.

स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा, रिकामा होता आणि निम्मी मेमरी फाइल कॅशसाठी मोकळी होती. म्हणजे रॅम वाढवून काही मिळणार नव्हतं. शाखांमधून पिंगचं, म्हणजे जोडणी तपासणाऱ्या संदेशाचं, उत्तर एकसारखं येत होतं, त्यामुळे नेटवर्कही बाजूला पडलं. कर्नलच्या नोंदींत "ही प्रक्रिया १२० सेकंदांहून जास्त अडकली आहे" अशा ओळी अधूनमधून होत्या, आणि त्या सगळ्या दुपारच्या आणि संध्याकाळच्या वेळच्या होत्या.

मग आयओस्टॅट, म्हणजे प्रत्येक डिस्कचं काम मोजणारं साधन. हे साधन मी नेहमी विस्तारित रकान्यांसह, दर सेकंदाला एक अहवाल या बेताने चालवतो. पहिला अहवाल सोडून द्यायचा, कारण तो सर्व्हर चालू झाल्यापासूनची सरासरी दाखवतो. दुसऱ्या अहवालापासून चित्र समोर आलं. तीन डिस्कचा लिहिण्याचा प्रतीक्षाकाळ दहा ते वीस मिलिसेकंद होता आणि व्यस्तता पंधरा टक्क्यांच्या आत. तिसऱ्या खणातल्या डिस्कचा प्रतीक्षाकाळ नऊशे, मग सोळाशे, मग अडीच हजार मिलिसेकंद. व्यस्तता सलग शंभर टक्के, आणि एवढं करून लिखाण सेकंदाला जेमतेम काही शे किलोबाइट.

हे आकडे कशाच्या तुलनेत बघायचे तेही सांगतो. मिनिटाला ७२०० फेरे (आरपीएम) मारणाऱ्या डिस्कचा एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांत होतो. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. हेड त्या ट्रॅकवर न्यायला साधारण आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेलं एक काम बारा-तेरा मिलिसेकंदांचं, आणि अशी कामं सेकंदाला पंच्याहत्तर-ऐंशी. फिरत्या डिस्कची कुवतच एवढी आहे, त्यामुळे बाकीच्या तिघी अगदी रीतसर वागत होत्या. ही मंद डिस्क ५४०० आरपीएमची होती, तरी अडीच सेकंदांत तिच्या तबकड्यांचे सव्वादोनशे फेरे होतात. चार-आठ किलोबाइट लिहायला सव्वादोनशे फेरे लागत असतील, तर डिस्क त्या वेळात दुसरंच काहीतरी करत असली पाहिजे.

संस्थेकडे देखरेखीचा आलेख होता. त्यात चारही डिस्कची मिळून पाच मिनिटांची सरासरी व्यस्तता दिसायची. तिघी पंधराच्या आसपास आणि एक शंभर, सरासरी छत्तीस. छत्तीस टक्के बघून कोणाला कशाला शंका यावी? माझ्या मते सर्व्हरच्या देखरेखीतली ही सगळ्यात घातक सवय आहे. डिस्कचे आकडे कधीच एकत्र करून बघू नयेत. प्रत्येक डिस्कची रेघ वेगळी हवी, आणि व्यस्ततेच्या आधी प्रतीक्षाकाळ बघायला हवा.

एकीमुळे चौघी

रेड-५ मध्ये छोटं लिखाण दोन डिस्कवर जातं. एकीवर खरा डेटा आणि दुसरीवर पॅरिटी, म्हणजे एखादी डिस्क गेल्यास तिचा डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेली बेरजेसारखी माहिती. त्याआधी जुनी माहिती वाचून घ्यावी लागते, म्हणून एका लिखाणामागे दोन वाचनं आणि दोन लिखाणं, अशी चार कामं होतात. चार डिस्कच्या अॅरेत, विखुरलेल्या लिखाणाची पन्नास टक्के शक्यता अशी, की त्या दोन डिस्कपैकी एक ही मंद डिस्क असेल. डेटाबेसचा एक व्यवहार एका पानावर थांबत नाही. खात्याची नोंद, खतावणी, इंडेक्स अशी आठ पानं वेगवेगळ्या जागी लिहायची असतील, तर शंभरातल्या ९९ हून अधिक वेळा त्यातलं एखादं तरी या डिस्ककडे जाणार. त्या एका पानाचं उत्तर येईपर्यंत आख्खं काम अडणार. तीन डिस्क रिकाम्या बसून होत्या, तरी काउंटरवर काही फरक पडत नव्हता तो यामुळे.

डिस्क तर ठणठणीत

आता दोष या डिस्कचाच असं धरून चाललो, तर पुरावा काहीच मिळेना. स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद. स्मार्टसीटीएल या साधनाने तिचा तक्ता काढला. ५ नंबरचा गुणधर्म, म्हणजे बदललेले सेक्टर: शून्य. १९७, म्हणजे संशयास्पद सेक्टर: शून्य. १९८, म्हणजे वाचता न येणारे सेक्टर: शून्य. केबल किंवा कनेक्टर सैल असेल तर १९९ मध्ये डेटा नेण्यातल्या (सीआरसीच्या) चुका साठत जातात, तिथेही शून्य. सुट्टीच्या दिवशी लांब पल्ल्याची स्वयंचाचणी लावली, ती पास झाली. डिस्कमधली लिखाणाची कॅश चालू होती, कामांची रांग ३२ ची होती, बाकीच्या तिघींसारखीच.

खण किंवा बॅकप्लेनचा, म्हणजे डिस्क जिथे खोचतात त्या पट्टीचा, दोष असेल म्हणून रात्री सर्व्हर रीतसर बंद करून दोन डिस्कच्या जागा एकमेकींशी बदलल्या. एमडी-रेडमध्ये हे चालतं, कारण कोण कितव्या नंबरची सदस्य ते डिस्कवरच्या सुपरब्लॉकमध्ये लिहिलेलं असतं, खणाशी त्याचा संबंध नसतो. दुसऱ्या दिवशी मंदपणा डिस्कसोबत नव्या खणात गेला. म्हणजे खण निर्दोष.

कंपनाचीही शंका तपासली. ही शंका उगाच नव्हती. सन मायक्रोसिस्टीम्स या संगणक कंपनीत असताना ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ मध्ये डिस्कच्या रांगेसमोर जोरात ओरडून त्यांचा प्रतीक्षाकाळ उसळलेला आलेखावर दाखवला होता, तो व्हिडिओ या धंद्यातल्या बहुतेकांनी बघितलेला असतो. इथे तर सर्व्हरच्या भिंतीपलीकडे जनरेटर होता आणि त्याच टेबलावर पासबुकचा प्रिंटर खडखडत होता. पण जनरेटर बंद असतानाही दुपारी तोच प्रकार, आणि सकाळी दहाला प्रिंटर सलग चालू असतानाही डिस्क शांत. वेळा जुळल्या नाहीत.

डेबियन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर अॅरेची तपासणी सुरू करतो. ती लांबून कामाच्या दिवसात शिरली, की सर्व्हर असाच मंदावतो. इथे तक्रार आठवड्याच्या सगळ्या दिवसांची होती आणि अॅरेच्या स्थितीत कुठलीही तपासणी चालू दिसत नव्हती. तोही मुद्दा गेला.

विश्रांतीने बरी होणारी डिस्क

मॅडमचं बोलणं आता खरं कामाला आलं. सकाळी वेगात, दुपारी मंद, सुट्टीनंतर जरा बरं, संध्याकाळी बेजार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वेगात. आयओस्टॅटची नोंद दिवसभर फाइलमध्ये साठवून बघितली, तर प्रतीक्षाकाळाची रेघ अगदी त्यांच्या सांगण्याबरहुकूम वरखाली जात होती. आठवडी बाजाराच्या दिवशी ती अकराच्या आतच उसळायची.

खराब सेक्टर विश्रांतीने बरे होत नाहीत. सैल केबल जेवणाच्या सुट्टीत घट्ट होत नाही. विश्रांती मिळाली की सावरणारी आणि सलग लिहायला लावलं की कोलमडणारी डिस्क म्हटल्यावर एकच गोष्ट डोळ्यांसमोर येते.

त्या संध्याकाळी पिग्मी चढवून झाली, डे-एंड झालं, सगळे घरी गेले. पोस्टग्रेस थांबवलं, फाइलसिस्टिम अनमाउंट केली. आयओस्टॅटमध्ये चारही डिस्कवर शून्य वाचन, शून्य लिखाण. मग एकेका ट्रेवर तळहात टेकवून पाहिला. तिघींत फक्त मोटरची एकसुरी थरथर. मंद डिस्कमध्ये त्याच्या वर हेडची कुरकुर चालू, थांबून थांबून, पण दमदार. संगणकाने तिला काहीच सांगितलेलं नव्हतं आणि ती आपलं काम करत होती. बराच वेळ करत राहिली.

दुसरी खूण एचडीपार्म या साधनाने दाखवलेल्या डिस्कच्या ओळखपत्रात मिळाली. फिरण्याचा वेग ५४०० असा लिहिलेला, म्हणजे तबकड्यांची डिस्क. आणि खाली सोयींच्या यादीत 'ट्रिम' आहे म्हणून नोंद. ट्रिम ही एसएसडीसाठीची आज्ञा. कुठल्या जागा आता रिकाम्या आहेत ते डिस्कला कळवायची. साध्या फिरत्या डिस्कला हे कळून काही उपयोग नसतो, कारण ती जुन्याच्या जागी नवं सरळ लिहू शकते. ही सोय मागणारी फिरती डिस्क बहुधा एकाच जातीची असते. मॉडेल नंबर घेऊन उत्पादकाची यादी काढली आणि तिथे उत्तर मिळालं: एसएमआर.

एसएमआर म्हणजे काय, आणि तिची खोड कुठे

हार्ड डिस्कचं लिहिणारं हेड वाचणाऱ्या हेडपेक्षा रुंद असतं. वाचायला ट्रॅकची अरुंद पट्टी पुरते, पण लिहिताना रुंद पट्टी व्यापली जाते. नेहमीच्या, म्हणजे सीएमआर डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांपासून सुटे असतात. एसएमआरमध्ये ते कौलारू छपरासारखे एकावर एक चढवलेले असतात. प्रत्येक ट्रॅकचा वाचण्यापुरता भाग उघडा राहतो आणि बाकीचा पुढच्या ट्रॅकखाली जातो. त्यामुळे तेवढ्याच तबकडीवर जास्त माहिती मावते. २०१३ च्या सुमारास हे तंत्र बाजारात आलं तेव्हा पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढीचा दावा होता.

मधला एक ट्रॅक बदलायचा झाला, की त्याच्या पुढचा पुसला जातो, त्याच्या पुढचाही, पट्टा संपेपर्यंत. असे पट्टे कित्येक एमबीचे असतात. म्हणजे खातेदाराचे पन्नास रुपये जमा करताना आठ किलोबाइटचं एक पान बदललं, तरी आज ना उद्या आख्खा पट्टा वाचून, मधे बदल करून, नव्याने लिहावा लागणार.

हे काम डिस्क लगेच करत नाही. तबकडीचा थोडा भाग नेहमीच्या पद्धतीचा ठेवलेला असतो आणि येणारं विखुरलेलं लिखाण आधी तिथे ओळीने टाकलं जातं. मग मोकळा वेळ मिळाला, की डिस्क स्वतःहून तिथला माल उचलून मूळ पट्ट्यांत नेऊन लावते. तळहाताला लागली होती ती कुरकुर ही. मोकळा वेळच मिळाला नाही आणि तो राखीव भाग भरत आला, तर प्रत्येक नव्या लिखाणाआधी जुना माल हलवावा लागतो, आणि प्रतीक्षाकाळ मिलिसेकंदांवरून सेकंदांवर जातो. सकाळी राखीव भाग रिकामा, बारापर्यंत भरलेला, जेवणाच्या सुट्टीत थोडा मोकळा, संध्याकाळी पिग्मीच्या लोंढ्याने पुन्हा तुडुंब. तक्रारीतल्या एकूण एक वेळेचा हिशेब लागला.

स्मार्टचा तक्ता खोटं बोलत नव्हता. डिस्कला कुठलाही आजार नव्हता. तिला नेमलेलं काम तिच्या बांधणीला झेपणारं नव्हतं, आणि स्मार्टमध्ये त्यासाठी रकाना नाही.

रीबिल्डच्या दिवशी हे का दिसलं नाही, याचंही उत्तर इथेच आहे. एमडी-रेड रीबिल्ड करताना नवी डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळीने लिहीत जातं. ओळीने लिहिणं एसएमआरला मानवतं, कारण पट्टे पाठोपाठ पुरे भरत जातात. त्यात रविवार, दुसरं काम काहीच नाही. चार टीबी दिवसाभरात लिहून झाले आणि सगळे निश्चिंत झाले. झेडएफएस या दुसऱ्या साठवण-प्रणालीत असतं तर बहुधा त्याच दिवशी कळलं असतं. तिथली पुनर्बांधणी डिस्कच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळीने न जाता डेटाच्या मांडणीच्या आधारे चालते आणि लिखाण बरंच विखुरतं. एप्रिल २०२० मध्ये हा विषय जगभर पेटला तो अशाच अनुभवांतून. नासच्या, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या साठवणीच्या, पेट्यांसाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क रीबिल्डच्या वेळी अॅरेमधून बाहेर फेकल्या जात होत्या. लोकांनी खणून काढलं तेव्हा त्या एसएमआर निघाल्या, आणि बाजारातल्या तिन्ही मोठ्या उत्पादकांना आपली कुठली मॉडेल एसएमआर आहेत ते जाहीर करावं लागलं.

या तंत्रावर माझा राग नाही. ड्रॉपबॉक्सने २०१८ पासून आपल्या साठ्यात एसएमआर डिस्क मोठ्या प्रमाणावर वापरल्या. पण तिथे कुठलं लिखाण कुठल्या पट्ट्यात जाणार हे त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर ठरवतं, आणि डिस्क कसली आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत असतं. माझा आक्षेप आहे तो गुप्ततेला. डब्यावर नाही, लेबलवर नाही, बिलावर तर नुसतं "४ टीबी साटा". तालुक्याच्या गावातला विक्रेता प्रामाणिक होता. त्याला जे छापून आलं तेच त्याने दिलं. ज्या गोष्टीने डिस्कचा स्वभावच बदलतो ती लेबलवर छापायला जागा नाही, हे मला पटत नाही. बिस्किटाच्या पुड्यावर घटकांची यादी लागते, मग खातेदारांचे पैसे ज्या यंत्रावर नोंदले जातात त्यावर एवढं एक अक्षर असायला हवं.

नवी डिस्क येईपर्यंत

योग्य डिस्क मागवायला वेळ लागणार होता आणि काउंटर बंद ठेवता येत नव्हतं. इथे एक सूचना आली, जी अशा वेळी हमखास येते: पोस्टग्रेसमधलं 'एफसिंक' बंद करा, सगळं पळेल. पळेल हे खरं. पण एफसिंक बंद म्हणजे डेटाबेस डिस्ककडे पोचपावतीच मागत नाही. वीज गेली तर आख्खा डेटाबेस न उघडण्याच्या अवस्थेत जाऊ शकतो, आणि या गावात वीज जाते. दुसरी, सौम्य सूचना होती 'सिंक्रोनस कमिट' बंद करण्याची. त्यात डेटाबेस मोडत नाही, पण शेवटच्या क्षणांतले, अर्ध्या-पाऊण सेकंदातले व्यवहार हरवू शकतात. संकेतस्थळाच्या भेटी मोजायच्या असत्या तर मी ते लगेच केलं असतं. इथे हरवलेली नोंद म्हणजे एका भाजीवाल्या बाईंनी भरलेली रोजची पिग्मी. पावती त्यांच्या हातात असेल आणि खात्यात रक्कम नसेल. दोन्ही सूचनांना मी स्पष्ट नाही म्हटलं.

धोका न पत्करता लिखाण कमी करता येतं, ते केलं. पोस्टग्रेस मूळच्या मांडणीत दर पाच मिनिटांनी चेकपॉइंट घेतो, म्हणजे मेमरीतली बदललेली पानं डिस्कवर उतरवतो, आणि प्रत्येक चेकपॉइंटनंतर एखादं पान पहिल्यांदा बदललं की ते आठ किलोबाइटचं पूर्ण पान लॉगमध्ये लिहितो. तीच ती खात्यांची पानं दिवसभर बदलत असतात, म्हणजे दर पाच मिनिटांनी तीच पूर्ण पानं पुन्हा लिहिली जातात. चेकपॉइंटमधलं अंतर पंधरा मिनिटं केलं आणि लॉगची कमाल मर्यादा त्या मानाने वाढवली. बदल्यात, सर्व्हर अचानक बंद पडला तर पुन्हा उभा राहायला काही मिनिटं जास्त लागतील. ही किंमत परवडणारी होती. दुपारच्या सुट्टीत चालणारा डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) याच अॅरेवर लिहिला जात होता, तो रात्री नेला आणि वेगळ्या यूएसबी डिस्कवर वळवला. त्यामुळे सुट्टीतला मोकळा वेळ खरोखर मोकळा झाला. पिग्मी एजंटांना शाखेनिहाय वेळा वाटून दिल्या. एजंट सुरुवातीला कुरकुरले, पण अर्धा तास लटकण्यापेक्षा ठरलेल्या वेळी दहा मिनिटांत काम होतंय म्हटल्यावर त्यांनीच एकमेकांना सांगायला सुरुवात केली.

मंद डिस्क काढून टाकून तिघींवर अॅरे चालवावा, असंही एक मत होतं. वेग नक्की वाढला असता. पण तीन डिस्कवरचा रेड-५ म्हणजे आणखी एक डिस्क गेली की सगळं गेलं, आणि उरलेल्या तिघी एकाच वयाच्या होत्या, त्यांच्यातलीच एक आधी गेलेली. मंद राखीव असणं हे राखीव नसण्यापेक्षा बरं.

बदली

नवी डिस्क घेताना कोटेशनमध्ये पूर्ण मॉडेल नंबर लिहून घेतला आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकात त्या नंबरसमोर सीएमआर आहे हे बघूनच ऑर्डर दिली. सर्व्हरमध्ये पाचवा खण रिकामा होता, हे नशीब. आधी बॅकअप घेतला आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून खात्यांची बेरीज जुळवून पाहिली. उघडून न बघितलेल्या बॅकअपला मी बॅकअप मानत नाही.

मग एमडी-रेड हाताळणाऱ्या एमडीएडीएमची 'रिप्लेस' ही आज्ञा दिली. तिच्याकडे बऱ्याच जणांचं लक्ष जात नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. नेहमीची रीत अशी, की जुनी डिस्क निकामी ठरवायची, काढायची, नवी लावायची आणि रीबिल्ड होऊ द्यायचं. त्या सगळ्या वेळात अॅरे एका डिस्कने लंगडा असतो. रिप्लेसमध्ये जुनी डिस्क कामावरच राहते. तिच्यावरून नवीवर नक्कल होते, आणि नक्कल पूर्ण झाल्यावरच जुनी बाजूला होते. मधल्या काळात संरक्षण एका क्षणासाठीही सुटत नाही. वाचायच्या बाबतीत एसएमआर डिस्कला काही अडचण नसते, त्यामुळे नक्कल सुरळीत झाली.

निघालेल्या डिस्कवर आता निर्धास्तपणे चाचणी घेता येत होती. ती मी घेतलीच, कारण अंदाज बरोबर ठरल्यासारखा वाटणं वेगळं आणि तो सिद्ध होणं वेगळं. एफआयओ हे साधन थेट डिस्कवर लिहायला लावलं, चार किलोबाइटचे तुकडे, जागा विखुरलेल्या. ही चाचणी डिस्कवरचं सगळं पुसते, तेव्हा कोणी करून बघणार असेल तर डिस्कचं नाव दोनदा वाचा. सुरुवातीची काही मिनिटं ही डिस्क नेहमीच्या डिस्कपेक्षा कितीतरी पटींनी वेगवान निघाली, कारण विखुरलेलं लिखाण ती राखीव भागात ओळीने टाकत होती. मग आकडा एकदम कोसळला. सेकंदाला दहा लिखाणांच्याही खाली, मधे मधे कित्येक सेकंद शून्य. चाचणी थांबवून तिला तासभर तसंच सोडलं, पुन्हा लावली, तर पुन्हा वेगवान आणि पुन्हा कोसळली. मिनिटभराची वेगचाचणी घेतली असती, तर चारही डिस्कमध्ये हीच सर्वोत्तम ठरली असती.

नव्या डिस्कचा प्रतीक्षाकाळ पहिल्याच बाजाराच्या दिवशी बाकीच्या तिघींच्या रेघेत जाऊन बसला. लोड दोन-तीनच्या वर गेला नाही. संध्याकाळचं पिग्मीचं काम वेळा वाटून न देताही उरकू लागलं, तरी शाखांनी वाटून घेतलेल्या वेळा ठेवल्या, त्यांना त्या सोयीच्या वाटल्या. रॅमचं कोटेशन संस्थेने परत केलं. देखरेखीच्या आलेखात आता प्रत्येक डिस्कचा प्रतीक्षाकाळ वेगळा दिसतो, आणि कुठलीही एक डिस्क बाकीच्यांच्या पाचपटीवर गेली की मोबाइलवर संदेश येतो.

काढलेली डिस्क फेकली नाही. महिन्याकाठच्या पूर्ण बॅकअपची एक प्रत तिच्यावर जाते, कूटबद्ध करून, आणि ती दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत राहते. मोठ्या फाइल, एकदा ओळीने लिहायच्या आणि ठेवून द्यायच्या, हे काम ती चांगलं करते.

एक गोष्ट अजून व्हायची आहे. डेटाबेससाठी रेड-५ ही मांडणीच मला पसंत नाही, एका लिखाणामागे चार कामं हा खर्च रोजचा आहे. वीज जाताना हातातलं लिखाण पूर्ण करण्याइतकी कपॅसिटरची सोय असलेल्या दोन सर्व्हर एसएसडी, आरशासारख्या जोडून, त्यावर पोस्टग्रेस, आणि या चार डिस्क कागदपत्रांच्या स्कॅन व बॅकअपसाठी, असा प्रस्ताव दिला आहे. मार्चअखेरच्या आधी सर्व्हरला हात लावायचा नाही, असं संचालक मंडळाने ठरवलं, आणि ते योग्यच आहे. वर्षअखेरीचे हिशेब बंद झाले की एप्रिलच्या पहिल्या लांब सुट्टीत हे काम घ्यायचं ठरलं आहे. एसएसडीचे मॉडेल नंबर कोटेशनमध्ये आधीच लिहून घेतले आहेत.